वानलेसवाडीची हवा आणि मद्रासचा प्रश्न

सांगलीहून मिरजेला जाताना विश्रामबाग ओलांडले की वानलेसवाडी लागते आणि तिच्या उत्तरेला कुपवाड. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महानगरपालिका झाली. मधली मोकळी जागा भरत गेली, कुपवाडची औद्योगिक वसाहत वाढली, आणि आज हा सारा पट्टा जवळजवळ सलग वस्तीचा आहे. वानलेसवाडी हे नाव मात्र जुन्या काळचे. विल्यम जेम्स वानलेस हे कॅनडात जन्मलेले शल्यवैद्य १८८९ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे सांगलीत आले. १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले, १८९७ मध्ये वैद्यकीय शिक्षणाची शाळा काढली. पुढे कुष्ठरुग्णांच्या निवाऱ्याला आणि क्षयरुग्णांसाठी गावाबाहेरच्या एका आरोग्यधामालाही त्यांचा हात लागला. लोक त्याला सॅनेटोरियम म्हणत. तेच पुढे वानलेस चेस्ट हॉस्पिटल झाले. मिरज आज डॉक्टरांचे गाव म्हणून ओळखले जाते त्याची पाळेमुळे या कामात आहेत, आणि त्याबद्दल कृतज्ञता बाळगूनच पुढचे लिहायचे आहे. कारण सॅनेटोरियमच्या उपचारावर लोकांची जी श्रद्धा होती, ती विसाव्या शतकाच्या मध्यात एका नेमक्या प्रयोगाने मोडून काढली. तो प्रयोग भारतातच झाला. माझे म्हणणे असे की, प्रयोगाने दिलेले उत्तर बरोबर होते, पण पुढच्या पिढ्यांनी ते विचारलेल्या प्रश्नापेक्षा फार लांब ताणले. रोग बरा कशाने होतो आणि रोग होऊ नये म्हणून काय करावे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यालाही लागू आहे असे धरल्यामुळे साठ वर्षांहून अधिक काळ आपण एका मोठ्या गोष्टीकडे पाठ फिरवून बसलो.

सॅनेटोरियम का उभी राहिली हे समजायचे तर त्या आधीची असहायता आठवावी लागते. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेतून पदवी घेऊन परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. ती जागा त्यांना सांभाळता आलीच नाही; २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, क्षयाने त्या पुण्यात गेल्या. रॉबर्ट कॉख यांनी या रोगाचा जंतू १८८२ मध्येच दाखवून दिला होता. शत्रूचे तोंड दिसले होते, हातात मात्र काहीच नव्हते. अशा वेळी वैद्यकाने उरलेल्या गोष्टी गोळा केल्या: विश्रांती, मोकळी हवा, ऊन, दूध-अंडी, ठरावीक दिनक्रम, आणि रुग्णाला दाट वस्तीतून बाहेर काढणे. जर्मनीत आणि स्वित्झर्लंडच्या पहाडांत हे आधीच चालू होते. भारतात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अजमेरजवळ तिलौनिया, अलमोडा, सिमल्याजवळचे धरमपूर अशी केंद्रे निघाली, त्यानंतर दक्षिणेत मदनपल्लीलाही एक निघाले. सातारा जिल्ह्यात पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर सुरू केले. पाचगणी सुमारे १३०० मीटर उंचीवर, पावसाळ्यात धुक्यात बुडालेली. मिरजेचा पठारी प्रदेश तिच्या निम्म्याहूनही कमी उंचीवर, पर्जन्यछायेतला, कोरडा. दोन्ही ठिकाणी हवेवर भिस्त होती, आणि हवा मात्र दोन्हीकडची अगदी निराळी. हवेतच गुण असता तर यांतली कोणती हवा गुणकारी, हा प्रश्न तरी कुणी विचारायला हवा होता. तो चर्चेत येई, पण मोजून कुणी पाहत नसे.

मोजून न पाहण्याचे कारण आळस नव्हते. सॅनेटोरियममधले डॉक्टर आणि परिचारिका रोज रुग्ण सुधारताना पाहत होते. ताप उतरे, वजन वाढे, खोकला कमी होई. डोळ्यांसमोर बरा होणारा माणूस असताना आपल्या उपचारावर शंका घेणे फार अवघड असते. पण क्षय हा सावकाश चालणारा, मधूनमधून आपोआप थांबणारा आणि पुन्हा उसळणारा रोग आहे. काही रुग्ण कोणत्याही उपचाराविना बरे होतात. शिवाय सॅनेटोरियममध्ये जागा कुणाला मिळे? ज्याचा रोग फार पुढे गेलेला नाही, ज्याला महिनोन्‌महिने काम सोडून राहणे परवडते, ज्याच्या घरचे खर्च सोसू शकतात, त्याला. म्हणजे ज्यांची बरे होण्याची शक्यता मुळातच अधिक, त्यांनाच गोळा करून, ते बरे झाल्याचे श्रेय इमारतीला दिले जात होते. घरी राहिलेल्यांचे काय झाले याची नोंद कुणाकडे नसे. तुलनेसाठी दुसरी बाजूच नसेल तर यशाचा आकडा कितीही मोठा असला तरी तो काहीच सांगत नाही. त्या काळातल्या अनेक प्रामाणिक माणसांचे अनेक प्रामाणिक अहवाल आज वाचताना हेच खटकते.

तुलना पहिल्यांदा नीट झाली ती ब्रिटनमध्ये. १९४८ मध्ये ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषध महाग आणि दुर्मीळ होते, सगळ्यांना देणे शक्यच नव्हते, म्हणून १०७ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी झाली: ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४. सगळे इतिहासकार या चाचणीची आठवण औषधासाठी काढतात, आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. रुग्णालयातल्या पलंगावरची विश्रांती हा तोवरचा मान्य उपचार होता, आणि या आजारात तो एकटा काय करतो याचे निःपक्षपाती मोजमाप इथे झाले: दर चारांमागे एकाहून अधिक जण सहा महिन्यांत मेला. हे रुग्ण गंभीर होते, त्यामुळे हा आकडा सगळ्यांना लागू करता येणार नाही, तरी विश्रांतीवरचा भरवसा किती हलक्या पायावर उभा होता हे त्याने दाखवले. त्याच चाचणीने दुसरा इशाराही दिला. जंतू एकट्या औषधाला लवकर निर्ढावतात, आणि पहिल्या महिन्यांतला मोठा फरक पुढच्या वर्षांत बराच आटला. म्हणून पास हे दुसरे औषध जोडीला आले, आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड मिळाले, जे स्वस्त होते, गोळीच्या रूपात होते आणि जंतूंवर जबर होते.

आता भारताकडे वळू. भोर समितीने १९४६ च्या अहवालात मांडलेला अंदाज असा: देशात सुमारे २५ लाख क्षयरुग्ण, वर्षाला सुमारे ५ लाख मृत्यू, आणि खाटा सुमारे ६,०००. हे आकडे नुसते शेजारी ठेवले तरी सॅनेटोरियमच्या मार्गाचा निकाल लागतो. वानलेसवाडीसारखी शंभर केंद्रे आणखी बांधली असती तरी बहुसंख्य रुग्णांच्या वाट्याला खाट आली नसती. १९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर नमुना पाहणी केली तेव्हा आणखी एक समज कोसळला. क्षय हा गिरण्या-चाळींचा, शहराचा रोग मानला जाई. खेड्यांतही तो जवळपास शहराइतकाच आढळला. कृष्णेच्या काठच्या गावांनाही तो मुंबईच्या गिरणगावासारखाच लागू होता. सरकारपुढे मग एकच खरा प्रश्न उरला. खाटा नाहीत, पण औषधे आहेत. रुग्णाला त्याच्या घरीच ठेवून, त्याच्या कोंदट खोलीत, त्याच्या अपुऱ्या जेवणावर, घरच्या माणसांच्या शेजारी ठेवून औषध दिले तर चालेल का? डॉक्टरांमधल्या बहुतेकांचे मत ‘नाही’ असे होते, आणि त्या मताला अर्धशतकाच्या अनुभवाचे वजन होते.

१९५६ मध्ये मद्रासला क्षयाच्या औषधोपचारासाठी एक केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी ते मिळून उभे केले. पहिले संचालक वॉलेस फॉक्स. त्यांनी शहरातले गरीब, थुंकीत जंतू असलेले १९३ रुग्ण घेतले आणि कुणी घरी राहायचे, कुणी सॅनेटोरियममध्ये जायचे हे डॉक्टरच्या किंवा रुग्णाच्या इच्छेवर न सोडता यादृच्छिक पद्धतीने ठरवले. दोन्ही गटांना बारा महिने सारखीच औषधे: आयसोनियाझिड आणि पास. सॅनेटोरियममधल्यांना चांगले जेवण, स्वच्छ हवा, सक्तीची विश्रांती. घरच्यांना पूर्वीचेच जगणे: गर्दीची खोली, अर्धपोटी जेवण, जमेल तेवढे काम. घरच्या रुग्णांनी गोळ्या घेतल्या का हे पाहायला कर्मचारी अचानक घरी जात, गोळ्या मोजत, लघवी तपासत. १९५९ मध्ये निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आले. वर्षअखेरीस थुंकी जंतुमुक्त होऊन रोग शांत झालेल्यांचे प्रमाण घरी ८६ टक्के, सॅनेटोरियममध्ये ९२ टक्के. पाच वर्षांच्या पाठपुराव्यानंतर हा लहानसा फरकही उरला नाही. दोन्हीकडे दहांतले सुमारे नऊ. सॅनेटोरियममधल्यांचे वजन घरच्यांपेक्षा बरेच अधिक वाढले होते, ते दिसायलाही अधिक धडधाकट होते, आणि तरी रोगमुक्तीत त्याचा फरक पडला नाही. मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत धीट गोष्ट हीच वाटते: डोळ्यांना दिसणारी सुधारणा आणि रोगाचा खरा पराभव या दोन गोष्टी सोडवून वेगळ्या मोजणे.

यावर पहिला आक्षेप त्याच वेळी घेतला गेला आणि आजही घेतला जातो. एका गरीब रुग्णाला खाट द्यायची आणि दुसऱ्याला मुद्दाम त्याच्या झोपडीत ठेवायचे, हा माणसांवरचा निर्दय प्रयोग नव्हे काय? आक्षेप मनापासूनचा आहे, पण तो चुकीच्या जागी बोट ठेवतो. घरी राहिलेला रुग्ण प्रयोगामुळे घरी राहिला नाही. देशातल्या पंचवीस लाखांपैकी जवळपास सगळेच घरीच होते, आणि त्यांना औषधही नव्हते. प्रयोगातल्या घरच्या रुग्णाला वर्षभर खात्रीचे औषध आणि सतत देखरेख मिळाली, जी त्या काळी फार थोड्यांना मिळत होती. निर्दयपणा झालाच असता तर तो प्रयोग न करता केवळ मताच्या जोरावर सगळा पैसा खाटांवर खर्च करण्यात झाला असता, कारण त्याची किंमत न मोजलेल्या माणसांनी भरली असती. दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता: रुग्ण घरी राहिला तर त्याची बायको-मुले आजारी पडतील, आणि सॅनेटोरियमचा खरा उपयोग रोग्याला वेगळे ठेवण्यात होता. म्हणून मद्रासच्या संशोधकांनी दोन्ही गटांतल्या कुटुंबीयांचीही पाच वर्षे तपासणी केली. घरी उपचार घेतलेल्यांच्या घरात क्षय अधिक निघाला नाही. कारण विचार केला तर उमगते. रोग ओळखला जाईपर्यंत रुग्ण कित्येक महिने घरात खोकत असतो आणि लागण व्हायची ती तेव्हाच होऊन गेलेली असते. औषध सुरू झाल्यावर त्याची संसर्गक्षमता झपाट्याने खाली येते. रुग्णाला वेगळे काढण्याची वेळ, सॅनेटोरियमच्या दारात तो पोचेतो, बहुधा निघून गेलेली असे.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र मी पूर्ण उत्तर देऊ शकत नाही, कारण त्यात तथ्य आहे. मद्रासमध्ये अचानक भेटी देणारे, लघवी तपासणारे प्रशिक्षित लोक होते. असे लोक शिराळ्याच्या वाडीत किंवा जतच्या दुष्काळी गावात कुठून आणायचे? सॅनेटोरियममध्ये निदान औषध गिळले जाते याची खात्री होती. १९५९ मध्ये बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली आणि तिथल्या संशोधकांनी याच अडचणीचा माग काढला. देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात पाहिले तर निम्म्याहून अधिक क्षयरुग्ण आपल्याला काहीतरी गंभीर झाले आहे हे जाणून आधीच दवाखान्यात जाऊन आले होते, आणि खोकल्याची बाटली घेऊन परत आले होते. म्हणजे अडाणी खेडूत दवाखान्याकडे फिरकत नाही ही समजूत खोटी होती. फिरकत नव्हती ती तपासणी. १९६२ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम या शोधावर उभा होता: वेगळी रुग्णालये न उभारता गावच्या साध्या दवाखान्यातच थुंकी तपासायची आणि औषध द्यायचे. कल्पना उत्तम होती. अंमलबजावणी दशकानुदशके लंगडत राहिली. औषधे मध्येच संपत, रुग्ण मध्येच सोडत. त्यातून निर्ढावलेला क्षय जन्माला आला. १९९७ पासून सुधारित कार्यक्रमाने डोळ्यांदेखत गोळी गिळवण्याची पद्धत आणली, २००६ पर्यंत ती देशभर पोचली, आणि आठवड्यातून तीनदा की रोज या वादात आणखी एक दशक गेल्यावर रोजच्या गोळ्या सर्वत्र आल्या. मद्रासच्या प्रयोगाने घरी उपचार शक्य आहेत हे सिद्ध केले होते. ते कोणत्याही निष्काळजी व्यवस्थेत शक्य आहेत असे त्याने कुठेही म्हटले नव्हते.

याच मधल्या काळात सातारा-सांगलीला एक वेगळा घाव बसला. १९९० च्या दशकात एचआयव्ही पसरला आणि सांगली हा महाराष्ट्रातल्या अधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत मोडू लागला. १९९२ पासून सांगलीत संग्राम ही संस्था याच प्रश्नावर काम करू लागली, तीही लैंगिक व्यवसायातल्या स्त्रियांना सोबत घेऊन, त्यांच्याच पुढाकाराने. एरवी ज्याला क्षयाची लागण झालेली आहे अशा माणसाला आयुष्यभरात रोग होण्याची शक्यता सुमारे पाच ते दहा टक्के असते. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचलेल्याला तेवढीच जोखीम साधारण एकेका वर्षात असते. पाचगणीचे बेल-एअर, जे १९६४ मध्ये रेड क्रॉसकडे गेले होते, ते पुढे एचआयव्हीच्या रुग्णांसाठी काम करू लागले. जुन्या क्षयाच्या इमारती पुन्हा भरल्या, आणि त्या भरल्या ते एका गोष्टीकडे बोट दाखवत: लागण आणि रोग यांच्या मधल्या जागेत माणसाच्या शरीराची ताकद उभी असते. जंतू सगळ्यांना सारखाच लागतो, रोग सगळ्यांना सारखा होत नाही. हे एचआयव्हीच्या बाबतीत सगळ्यांना लगेच पटले. भुकेच्या बाबतीत पटायला फार वेळ लागला.

मद्रासच्या उत्तराचा अतिरेक इथेच झाला. चांगल्या जेवणाने बरे होण्यात फरक पडला नाही, या निष्कर्षातून आरोग्यखात्याच्या आणि संशोधकांच्या मनात नकळत असे रुजले की क्षयात जेवणाला महत्त्वच नाही, गोळ्या मिळाल्या की झाले. प्रयोगाने विचारले होते ते एवढेच: औषध चालू असलेल्या रुग्णाला सॅनेटोरियमचा आहार जादा काही देतो का? ज्या घरात रुग्ण आहे त्या घरातल्या निरोगी पण अर्धपोटी माणसाला जेवण देऊन रोग टाळता येतो का, हा प्रश्न तिथे विचारलाच नव्हता. घरच्या आणि सॅनेटोरियमच्या रुग्णांच्या कुटुंबीयांची तुलना झाली तेव्हा दोन्हीकडचे कुटुंबीय सारखेच अर्धपोटी होते. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ पॅपवर्थ इथे १९१८ पासून क्षयरुग्णांची कुटुंबासह वसाहत होती. कामाची हमी, बरी घरे, पुरेसे अन्न. तिथल्या मुलांना रुग्ण आईबापांकडून लागण होतच होती, पण रोग फार कमी होत होता. ही जुनी नोंद धूळ खात पडली होती. भारतातल्या अनुराग भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २०१२ च्या सुमारास पुन्हा उलगडून वाचली. लसीकडूनही फार आशा उरली नव्हती. चिंगलपेट जिल्ह्यात १९६८ पासून अडीच लाखांहून अधिक लोकांत बीसीजीची चाचणी झाली होती, आणि मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून ती वाचवत नाही असे निघाले होते. लहान मुलांना मेंदूच्या क्षयापासून ती वाचवते, म्हणून ती आजही द्यावी. पण घराघरातला प्रसार तिने थांबणार नाही, हे स्पष्ट झाले होते.

मग झारखंडमध्ये चार जिल्ह्यांत तो दुसरा प्रश्न विचारला गेला. २०१९ ते २०२२ या काळात, करोनाच्या टाळेबंदीतही न थांबता, अनुराग आणि माधवी भार्गव यांच्या गटाने २,८०० क्षयरुग्णांची कुटुंबे निवडली. कुटुंबातल्या १०,३४५ माणसांचा पाठपुरावा केला. सगळ्या रुग्णांना अन्न दिले. कुटुंबीयांची मात्र यादृच्छिक विभागणी झाली: एका गटाच्या घरच्यांना माणशी महिन्याचा शिधा, म्हणजे तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या, रोजच्या हिशेबात सुमारे ७५० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिने; दुसऱ्या गटाच्या घरच्यांना असा जादा शिधा नाही. निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. शिधा मिळालेल्या घरांत सर्व प्रकारच्या क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी, आणि फुप्फुसाच्या, तपासणीत जंतू सापडलेल्या क्षयाचे ४८ टक्क्यांनी कमी. तांदूळ-डाळीने एवढे केले. शिवाय रुग्णांच्या बाबतीतही जुने वाक्य सुधारावे लागले: उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्के वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी होता. वजन वाढणे हे रोग हटल्याचेही चिन्ह असू शकते, त्यामुळे या शेवटच्या आकड्याला कारण म्हणून सावधपणेच वापरावे लागेल. पण फार हाडकुळा झालेला रुग्ण गोळ्या चालू असताना मरू शकतो, हे मद्रासच्या रुग्णांमध्ये ठळक न दिसलेले सत्य इथे पुढे आले.

कुणी म्हणेल, झारखंडची उपासमार वेगळी, सांगली हा ऊस, द्राक्ष आणि हळदीचा सधन जिल्हा. इथे हा निष्कर्ष कसा लागू करायचा? आक्षेप अर्धा बरोबर आहे. जिथे पोटभर जेवण आधीच आहे तिथे शिध्याचा फायदा कमी होणार, आणि तेच आकडे उचलून इथल्या सगळ्यांवर लावणे चूक ठरेल. पण जिल्ह्याची सरासरी समृद्धी म्हणजे प्रत्येक घराची समृद्धी नव्हे. कारखान्यांच्या आसपास भाड्याच्या एका खोलीत राहणारे, रोजंदारीवर काम करणारे, परराज्यांतून आलेले कुटुंब, ज्यात कमावता माणूस क्षयाने सहा महिने कामावर जाऊ शकत नाही, त्या कुटुंबाचे जेवण सरासरी ठरवत नाही. त्याच घरात लागण झालेली मुले असतात आणि त्याच घरात उत्पन्न थांबते. रोग होण्याची जोखीम आणि भूक एकाच वेळी वाढतात. जिल्ह्यातल्या कोणत्या घरांना शिध्याचा खरा उपयोग होईल, हे त्या घरांतल्या माणसांचे वजन-उंची मोजून ठरवता येते. त्याला काट्यापलीकडे महागडे यंत्र लागत नाही.

शासनाने या दिशेने पावले टाकली आहेत. निक्षय पोषण योजनेत एप्रिल २०१८ पासून रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. कमी वजनाच्या रुग्णांना पहिले दोन महिने ऊर्जायुक्त पूरक आहार देण्याचे ठरले. घरच्या माणसांना शिध्याच्या पिशव्या देण्याचीही घोषणा झाली, पण ती निक्षय मित्रांच्या, म्हणजे स्वेच्छेने पुढे येणाऱ्या दात्यांच्या खांद्यावर ठेवली गेली. मला हीच कच्ची बाजू वाटते. आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन दात्याच्या मर्जीवर सोडले जात नाही. सरकार ते विकत घेते, साठा ठेवते, संपला तर जाब विचारला जातो. घरच्या मुलांना देण्याची प्रतिबंधक गोळीही कार्यक्रमात आहे. यादृच्छिक चाचणीने फुप्फुसाचा जवळपास निम्मा क्षय टाळणारी म्हणून दाखवलेली डाळ-तांदळाची पिशवी मात्र अजून दानधर्माच्या खात्यात आहे. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेच्या क्षेत्रात नोंद झालेल्या प्रत्येक क्षयरुग्णाच्या घरी आरोग्यसेविका एरवीही जाते: गोळ्या पाहायला, संपर्कातल्यांची तपासणी करायला. त्याच फेरीत घरातल्या प्रत्येकाचे वजन करून, कमी भरेल त्याचा सहा महिन्यांचा शिधा औषधांच्याच हिशेबात, औषधांच्याच साठ्यातून, त्याच कागदावर नोंदवता येईल. त्यासाठी वेगळा दवाखाना, वेगळा कर्मचारी किंवा नवा सर्व्हे लागणार नाही. लागेल ती मागणीपत्रात एक नवी ओळ आणि तिच्यासमोर अंदाजपत्रकातली रक्कम.